बीजगणिताच्या टाइल्स: सहा-सात महिने वापरल्यानंतर

मुलगी नववीत आहे. आकडेमोड बरी, पण गणितात अक्षर आलं की हात आखडतो. ३क्ष + २ चं उत्तर बिनदिक्कत ५क्ष लिहायची. "शेवटी एकच पद उरायला हवं ना?" हे तिचं म्हणणं. शिकवणीचा तास वाढवण्याऐवजी टाइल्सचा एक संच मागवला. मोठा चौरस म्हणजे क्ष², पट्टी म्हणजे क्ष, छोटा चौरस म्हणजे १. प्रत्येकाची मागची बाजू लाल, ती ऋण.

५क्ष चं प्रकरण लगेच मिटलं. तीन पट्ट्या आणि दोन चौरस डोळ्यांसमोर असताना त्यांना पाच पट्ट्या कोण म्हणेल? साध्या समीकरणांनाही फायदा झाला. २क्ष + ३ = ११ मध्ये दोन्हीकडून तीन-तीन चौरस उचलायचे आणि उरलेले आठ दोन पट्ट्यांत सारखे वाटायचे. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे ती घोकत होतीच, आता ते का बदलतं हेही सांगते. कंसाआधी वजा असेल तर कंसातल्या सगळ्या टाइल्स उलट्या करायच्या. −(क्ष − २) मधल्या दोनाचं चिन्ह बदलायचं विसरणं त्यामुळे बरंच कमी झालं.

पैसे वसूल झाले ते मात्र विस्ताराच्या वेळी. (क्ष + ३)² = क्ष² + ९ ही चूक कितीही सराव करून घेतला तरी परत यायची. मी मोठा चौरस ठेवला, त्याच्या कोपऱ्याला कोपरा लावून नऊ छोट्यांचा चौरस मांडला आणि म्हटलं, आता यातून एकच मोठा चौरस कर. दोन जागा रिकाम्या दिसत होत्या. तिने प्रत्येकीत तीन पट्ट्या बसवल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सहा क्ष राहिलेच होते की." नवव्या शतकात अल-ख्वारिज्मी या गणितज्ञानेही क्ष² + १०क्ष = ३९ असंच सोडवलं होतं. चौरसाच्या दोन बाजूंना पाच-पाच रुंदीचे आयत लावले, रिकामा कोपरा २५ ने भरला, ३९ आणि २५ मिळून ६४ चा चौरस झाला, त्याची बाजू ८, म्हणून क्ष = ८ − ५ = ३. या समीकरणाचं दुसरं उत्तर −१३ आहे, पण लांबी ऋण नसते, त्यामुळे ते आकृतीत येत नाही.

टाइल्सचीही गत तीच. ऋण संख्या आल्या की लाल बाजू हा निव्वळ ठरवलेला नियम उरतो, चित्र काही समजावत नाही. क्ष/३ किंवा १७क्ष साठी तर त्या निरुपयोगीच. म्हणून काही आठवड्यांनी आम्ही टाइल्सऐवजी वहीत चौकटी काढायला लागलो आणि आता चौकटीही फक्त अडलं तरच. ज्याला चिन्हं आणि कंस जमतात त्याने या वाटेला जाऊ नये, कंटाळा येईल.

आमच्या संचावर एक राग आहेच. पट्टी बरोबर पाच छोट्या चौरसांएवढी होती. पोरीने मोजली आणि क्ष म्हणजे नेहमी ५ असं धरून बसली. शेवटी पुठ्ठ्याच्या नव्या पट्ट्या कापल्या, पाचपेक्षा जरा लांब, मोजताच येऊ नयेत अशा. मोठे चौरसही त्याच मापाचे करावे लागले. विकत घेणार असाल तर आधी हे माप बघा आणि छोटे चौरस निदान तीस-चाळीस आहेत ना तेही. नाहीतर सरळ दोन रंगांचा पुठ्ठा आणि कात्री घ्या, काम तेवढंच होतं.