उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी जाहिरात-अभिनयाची कार्यशाळा : एक परीक्षण

नोकरी-संसाराच्या जबाबदाऱ्या बऱ्याचशा उरकल्यावर जाहिरातींत काम करू पाहणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका कार्यशाळेत मी सहभागी झाले होते. तिच्यातील एका मोठ्या उणिवेबद्दल स्पष्ट लिहायचे असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही.

‘या वयात आपल्याला कोण घेणार’ ही शंका पहिल्याच सत्रात दूर होते. आजी, सासरे, डॉक्टर, निवृत्त शिक्षक या भूमिकांना त्या वयाचाच चेहरा लागतो. म्हणून फोटोत सुरकुत्या पुसू नयेत आणि ऑडिशनला आलेली व्यक्ती फोटोतल्यासारखीच दिसावी, हे तेथे उदाहरणांसह पटवून दिले जाते.

कॅमेऱ्यासमोरचा सराव मात्र मला सर्वांत मोलाचा वाटला. आधी नाव, उंची आणि दोन्ही बाजूंचे प्रोफाइल (म्हणजे बाजूने दिसणारा चेहरा) द्यायचे, मग हातात रिकामा कप घेऊन पहिला घोट घ्यायचा आणि एक वाक्य म्हणायचे. कप रिकामा आहे हे मनगटच सांगून टाकते, कारण ते भरल्या कपाच्या वजनाने जरासुद्धा झुकत नाही. शिवाय बहुतेक जण घोट घशाखाली उतरण्याआधीच हसतात. प्रशिक्षिका ते तिथल्या तिथे पडद्यावर दाखवतात आणि लगेच वेगळी सूचना देतात : ‘आता शेजारच्या खोलीत नातवंड झोपले आहे असे समजून तेच वाक्य म्हणा.’ पहिला प्रयत्न चांगला असला तरी अशी सूचना येते, कारण नवी सूचना किती चटकन अंगी उतरते हेही कास्टिंग करणारे पाहत असतात. रंगभूमीवर वर्षानुवर्षे काम केलेल्यांना आवाज आणि हावभाव आवरण्याचा हा संयम अधिक अवघड गेला, तर अजिबात अनुभव नसलेल्या दोघी-तिघी त्यात सहज रुळल्या.

व्यवहाराचे सत्र मात्र घाईत उरकले गेले. कामाआधी नोंदणीच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे, एवढे सांगितले गेले. परंतु जाहिरात किती काळ, कोणत्या माध्यमांत आणि कोणत्या प्रदेशांत दाखवली जाणार, तसेच तेवढ्या काळात आपल्याला दुसऱ्या कोणत्या ब्रँडचे काम करता येणार नाही, हे करारात कसे शोधावे, याला वेळच दिला नाही. मॅनिक्युरिस्ट म्हणून काम केलेल्या क्लारा पेलर १९८४ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, वेंडीज या अमेरिकी हॅम्बर्गर साखळीच्या जाहिरातीमुळे घराघरांत पोहोचल्या. पण पुढच्याच वर्षी प्रेगो सॉसच्या जाहिरातीत दिसल्यावर वेंडीजने त्यांच्याशी असलेले काम थांबवले. त्यांची कीर्ती तेथे कौतुकाने सांगितली गेली, हा शेवट मात्र सांगितला गेला नाही. उशिरा सुरुवात करणाऱ्याला त्याचीच अधिक गरज आहे, कारण हातून गेलेले काम भरून काढायला त्याच्याकडे तुलनेने कमी वर्षे असतात.

अभिनयाच्या सरावासाठी ही कार्यशाळा मी निःसंकोच सुचवेन. आयोजकांनी फोटो निवडीचे लांबलेले सत्र आटोपते घेऊन तो वेळ नमुना करार ओळीने वाचण्यासाठी द्यावा, आणि तोवर सहभागी होणाऱ्यांनी सही करण्याआधी आपला करार जाणकाराकडून तपासून घ्यावा.