हेइन्सा, गायासान : बाबांना घेऊन एक रात्र राहिलो त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो, आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले धानवाले लोक. आमच्यासाठी डोंगर म्हणजे पवनीची जगन्नाथ टेकडी, अन् ती पण खोदल्यावर स्तूप निघाली. त्यामुळं कोरियातल्या चौदाशे मीटरच्या गायासान डोंगराचा अन् त्यावरच्या हेइन्सा या बौद्ध मंदिराचा रिव्ह्यू मी लिहावा हे जरा जास्तच होतं, पण लहान भाऊ देगूला पीएचडी करतो, दोन वर्षांपासून मागं लागला होता का बाबांना घेऊन ये घेऊन ये, शेवटी यंदा ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो. हलकं म्हणजे लवकर येणारं धान कापून झालं होतं, भारी उभं होतं, अन् बाबांचा अर्धा जीव त्या बांधीतच अडकलेला, विमानात बसल्यावर पण विचारत होते का पाऊस तं नाही ना येणार.

सोलबद्दल काही लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय. सोलवरून केटीएक्स ट्रेनने दोनेक तासात दोंगदेगू स्टेशन, तिथून मेट्रोने सोबू बस टर्मिनल, अन् तिथून हेइन्साची साधी बस, दीड तास. एक गोष्ट लक्षात ठेवा, आपण इथं रोज वापरतो तो मॅप तिथं पायी चालायचा रस्ता नीट दाखवत नाही, नेव्हर (Naver) मॅप हे कोरियन अ‍ॅप डाउनलोड करूनच निघा. नकाशावर स्वस्तिक दिसलं का समजायचं तिथं बौद्ध मंदिर आहे, बाबांना हे कळल्यावर ते पूर्ण बसभर भावाच्या मोबाईलवर स्वस्तिकं मोजत बसले.

आता हेइन्साच काऊन, तं कोरियात तीन मंदिरांना त्रिरत्नांची मंदिरं म्हणतात. तोंगदोसा बुद्धाचं, तिथं बुद्धाचे धातू म्हणजे अस्थी ठेवल्यात म्हणून मुख्य हॉलमध्ये मूर्तीच नाही. हेइन्सा धम्माचं. सोंगग्वांगसा संघाचं. म्हणजे आपण रोज सकाळी म्हणतो ती तीन सरणं त्या लोकांनी तीन डोंगरांवर वाटून टाकलीत. भावाने फोनवर हे सांगितलं तवा बाबा जेवत होते, म्हणाले, "मंग धम्मवाल्याकडंच जाऊ, बाकीचे दोन पुढच्या वारीले." पुढची वारी कोण करणार अन् कोणाच्या पैशानं हे मी विचारलं नाही.

तिकीट नाही, हे ऐकून बाबा खूष. नॅशनल पार्कची एंट्री 2007 पासूनच फ्री आहे, पण मंदिरवाले वेगळे पैसे घ्यायचे, ते पण मे 2023 पासून बंद झालं. गाडी घेऊन गेलात तर पार्किंगचे लागतात. बसने जाऊन खाली उतरा अन् ओढ्याच्या काठानं वर चाला, सोरीगिल म्हणतात त्या वाटेला, म्हणजे आवाजाची वाट, सहा-सात किलोमीटर आहे. बाबांचे गुडघे बघून आम्ही शेवटचा तुकडाच केला. त्या दरीचं नाव होंगन्यूदोंग, अर्थच असा का पानगळीत पाणी लाल होऊन वाहतं, अन् खरंच वाहत होतं, मेपलची पानं खडकांमध्ये साचून साचून. आमच्याकडं लाल म्हणजे पळस अन् तो फागणात, इथं दिवाळीच्या टायमाले पूर्ण डोंगर पेटलेला. गर्दी पण तशीच, शनिवार-रविवारी जाऊ नका. कोरियन म्हाताऱ्या बाया डोक्यावर मोठ्या टोप्या, हातात दोन-दोन काठ्या घेऊन आम्हाला ओव्हरटेक करून जात होत्या, अन् बाबांना बघून प्रत्येकजण काहीतरी खायला देत होती.

मंदिर 802 सालचं. पण इमारती तेवढ्या जुन्या नाहीत, कितीतरी वेळा जळाल्या, 1817 च्या आगीत तर जवळपास सगळंच गेलं, मुख्य हॉल त्यानंतर बांधलाय. मग बघायचं काय, तर सगळ्यात मागं, सगळ्यात उंचावर दोन लांबट कोठारं आहेत, साठेक मीटर लांब, ना सोनं ना रंगरंगोटी, आपल्या एखाद्या जुन्या गोदामासारखी. प्रत्येक आगीतून ही वाचली. आत त्रिपिटक म्हणजे बौद्ध धम्मग्रंथांचा पूर्ण संच आहे, कागदावरचा नाही, लाकडावर कोरलेला. 81,258 पाट्या, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, सगळी अक्षरं उलटी म्हणजे शाई लावून छापलं का सुलटी उमटतील. पाच कोटीच्या वर अक्षरं. तेराव्या शतकात मंगोल लोकांनी धुमाकूळ घातला होता, आधीचा कोरलेला संच 1232 मध्ये त्यांनी जाळला, तर या लोकांनी 1236 ला परत पहिल्यापासून सुरू केलं अन् 1251 ला संपवलं. राज्यावर परचक्र आलेलं अन् हे पंधरा वर्षं अक्षरं कोरत बसलेले. ही कोठारं 1995 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

आम्हाला आत जाता आलं नाही, लाकडी गजांमधून डोकावून बघायचं, फोटो पण बंद. काही लोक दोन मिनिटं डोकावून "एवढंच?" असा चेहरा करून परत जातात, मी पण तेच केलं असतं. पण बाबा हलेनात. ते पाट्यांकडं बघतच नव्हते, भिंतीकडं बघत होते.

"काऊन रे, खिडक्या सारख्या नाही काऊन?"

भाऊ म्हणाला, "कुठल्या?"

"हे पाह्य ना. पुढच्या भिंतीले खालची मोठी, वरची बारकी. मांगच्या भिंतीले उलटं, वरची मोठी. म्हंजे वारा खालून घेते, आत फिरवते अन् मांगून वरून सोडते."

भावाने मग मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं अन् तेच होतं, अक्षरशः तेच. खाली जमिनीत कोळसा, मीठ, चुना, वाळू अन् माती भरलीय, ओल वाढली का शोषून घेते अन् कोरडं पडलं का सोडते. पाट्यांच्या दोन्ही टोकांना जाड लाकडी पट्टी ठोकलीय, त्यानं लाकूड वाकत नाही अन् दोन पाट्या एकमेकांना चिकटत नाहीत, मधून हवा खेळते. लाकूड आधी खाऱ्या पाण्यात मुरवून, उकळून मग सावलीत वाळवलं असं सांगतात. अन् गंमत म्हणजे सत्तरच्या दशकात सरकारने काँक्रीटचं मॉडर्न कोठार बांधलं होतं यांच्यासाठी, ट्रायल म्हणून थोड्या पाट्या तिकडं नेल्या तर त्यांना बुरशी धरायला लागली, आणल्या परत. हे ऐकल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी दहावी पास झालो तवा पण आला नव्हता. कारण आमच्या घरी पण हाच वाद आहे, बाबांची बांबूची, शेणामातीनं लिपलेली ढोली मोडून मी चार वर्षांपूर्वी सिमेंटची धानाची खोली बांधली, अन् पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यातलं धान कुबट झालं. बाबा त्या गजांना धरून माझ्याकडं बघत होते, बोलले काहीच नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

गेटकडं एका वैमानिकाचं स्मारक आहे, किम यंग-ह्वान नाव. 1951 मध्ये कोरियन युद्धाच्या वेळी डोंगरात लपलेल्या गनिमांवर बॉम्ब टाकायची ऑर्डर होती, याने मंदिर बघून टाकला नाही. बाबांनी तिथं चप्पल काढून नमस्कार केला, मुख्य बुद्धमूर्तीला केला तेवढाच वेळ लावून.

आता टेंपल स्टेबद्दल, कारण माझं म्हणणं हेच आहे का दिवसभरात जाऊन यायचं असेल तर अर्धंच मिळतं, रात्र राहाच. 2002 च्या फुटबॉल वर्ल्डकपला हॉटेलं कमी पडतील म्हणून मंदिरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली तवापासून हे चालू आहे, बुकिंग ऑनलाइन होतं. आम्हाला माणशी सत्तर हजार वॉन पडले, म्हणजे साडेचार हजाराच्या आसपास, त्यात जेवण, घालायला ढगळ कपडे अन् खोली. खोलीत पलंग नाही, गादी जमिनीवर, पण जमीन खालून गरम केलेली असते. बाबा त्यावर गुडघे टेकवून पडले अन् म्हणाले, अशी एक चूल घरी पाहिजे. सोबत चांगले मोजे न्या, दिवसभर चपला काढा-घाला करावी लागते अन् फाटका अंगठा सगळ्या भिक्खूंना दिसतो. अनुभवाने सांगतो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ढोल. हे चुकवू नका. चार वाद्यं असतात, मोठा ढोल जमिनीवरच्या जनावरांसाठी, लाकडाचा पोकळ मासा पाण्यातल्या जिवांसाठी, ढगाच्या आकाराची धातूची थाळी पाखरांसाठी, अन् शेवटी घंटा, ती नरकात पडलेल्यांसाठी. एक तरुण भिक्खू आला, बाह्या सावरल्या अन् दोन काठ्यांनी असा काही वाजवला का आमच्या पोळ्याचे वाजंत्री पाणी भरतील. दमला का दुसरा त्याच्या बाजूला येऊन उभा राहायचा, वाजवता वाजवताच काठ्या बदलायच्या, ताल तुटायचा नाही. अंधार पडत चाललेला, थंडी, शंभर माणसं उभी अन् कोणी खोकत पण नाही. बाबा हळूच म्हणाले, "बैलाईसाठी वाजवते म्हंजे आपल्या ढवळ्यालेबी पोहचत असन."

पहाटे चारच्या आधीच उठवलं. वंदनेला सगळे हॉलमध्ये, भाषा काही कळत नाही, पण शेवटी एक ओळ तीनदा म्हणतात, "आजे आजे बाराआजे बारासुंगआजे मोजी साबाहा". भावाने कानात सांगितलं, हे हृदयसूत्रातलं संस्कृत गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा आहे, चीनमार्गे फिरून फिरून असं झालं. माझ्या अंगावर काटा आला. बाबांच्या कपाळावर आठी. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाकी बराबर, पण स्वाहा कुठून घुसलं यात?" अन् आदल्या दिवशी वरच्या एका छोट्या मंदिरात डोंगरदेवाचं चित्र होतं, पांढऱ्या दाढीचा म्हातारा अन् बाजूला वाघ, बहुतेक कोरियन मंदिरांत हा असतोच, तो बघून तर बाबा सरळ बावीस प्रतिज्ञांवर आले. त्यांचे आजोबा छप्पनला दीक्षाभूमीवर बैलगाडीनं गेलेले, त्यामुळं या विषयावर घरात डिस्कशन नसते. भावाने विषय बदलायला सांगितलं का कोरियात आता जंगली वाघ उरलेच नाहीत, फक्त चित्रात आहेत. बाबा म्हणे, "मंग आमच्या कऱ्हांडल्याच्या जंगलातले दोन घेऊन जाय म्हणा, रात्री पाणी द्यायले जाता येत नाही वावरात."

जेवण. मंदिरात मटण-मासे सोडाच, कांदा-लसूण पण नाही. लाल भोपळा, मशरूम, डोंगरातल्या भाज्या, टोफू, मुळ्याचं लोणचं अन् भात. मी प्रामाणिकपणे सांगतो, पहिला घास गोड लागतो, दहाव्या घासाला सावजीची आठवण येते. ताटात एक शीत टाकायचं नाही अन् ताट आपणच धुवायचं. सकाळी जूक नावाचा पातळ भात देतात, ती सरळसरळ आपली पेज आहे, बाबांनी तीनदा घेतली. भात चिकट असतो, बाबांचा निकाल, "आपल्या चिन्नोर तांदळाची सर नाही, पण मेहनत दिसते." जवसाची चटणी नेली होती पण मंदिरात काढायची हिंमत झाली नाही. ती खाली गावातल्या एका हॉटेलात काढली तर मालकीणबाईनं असं बघितलं का जणू आम्ही तिच्या भाजीला नावं ठेवली. त्या हॉटेलात आम्ही तीनदा सांगून, भावानं कोरियनमध्ये सांगून पण शाकाहारी म्हणून दिलेल्या रश्श्यात सुकट निघाली. आम्ही खातो म्हणून चाललं, जे अजिबात खात नाहीत त्यांनी वर मंदिरातच जेवून उतरावं. भातावर डोंगरभाज्या घालून देतात तो बिबिमबाप मात्र झकास, अन् बारा वाट्या बाजूला फुकट.

डोंगर मी अन् भाऊच चढलो. सांगवांगबोंग शिखर 1,430 मीटर, मंदिरापासून चारेक किलोमीटर, आम्हाला पावणेतीन तास लागले, शेवटी खडक अन् लोखंडी जिने. बाजूचं चिलबुलबोंग 1,433, म्हणजे तीन मीटरनं खरं उंच तेच. सांगवांगबोंगचं दुसरं नाव उदूबोंग, बैलाचं डोकं, अन् वर खडकात पाण्याचा एक खळगा आहे त्याला बैलाच्या नाकाची विहीर म्हणतात. फोटो बाबांना दाखवला तर म्हणाले, शिंगं कुठं आहेत. वर दारू प्यायला बंदी, स्वयंपाक करायला बंदी, उशीर झाला का वर सोडतच नाहीत. खाली उतरल्यावर बुटांची धूळ उडवायला हवेचा पाईप ठेवलेला असतो, फुकट, बाबांनी त्याने पूर्ण पॅन्ट झटकून घेतली.

आम्ही वर असताना बाबा खाली एका आजीबाईच्या दुकानापाशी बसले होते, दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. पानं झडलेल्या झाडावर नारिंगी फळं लटकलेली, गाम म्हणतात, इंग्रजीत पर्सिमॉन. बाबांनी चिरून बी बघितलं अन् मला बघताच ओरडले, "अरे, हे तं टेंभरं होय!" मी हसलो. भावाने शोधलं तर टेंभुरणीचंच कुळ निघालं, एकाच वंशातली झाडं. आपण पानं तोडून बिडीला देतो, ते फळं सोलून दोऱ्यावर वाळवतात.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा त्या सुकटीचा कापला.

परत येऊन पंधरा दिवस झाले. भारी धान घरात आलं. काल सकाळी ठकठक ऐकून उठलो तर बाबा शिडीवर, माझ्या सिमेंटच्या खोलीच्या मागच्या भिंतीच्या वरच्या चार विटा काढलेल्या, पुढच्या भिंतीत खाली खडूने मोठा चौकोन आखलेला. आई खालून ओरडत होती, उंदीर घुसतील, उंदीर घुसतील. आता मी जाळी आणायला पवनीला चाललोय.