प्राचार्यांची सही लागत नाही म्हणाले, तिथंच थांबायला हवं होतं

₹३,५४०, मग ₹५,९००, मग ₹१,७७० आणि शेवटी ₹११,८००. एकूण ₹२३,०१०, प्राध्यापकांसाठीच्या एका खोट्या ऑनलाईन कोर्सपायी गेले. शिवाय माझ्या शब्दावर विसंबून कॉलेजातल्या दोघी मॅडमनी प्रत्येकी ₹३,५४० भरले होते, ते मी माझ्या पगारातून त्यांना दिले. म्हणजे ₹३०,०९०. आकडे मुद्दाम पूर्ण लिहितेय, कारण ज्याला सांगावं तो "गेले असतील थोडेफार" म्हणून विषय मिटवतो.

मी खानापूर तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजात मराठी शिकवते. बेळगावहून रोज जाऊन येऊन. माझी पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ची कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची, फाईल फक्त एका रिफ्रेशर कोर्ससाठी, म्हणजे आपल्या विषयातल्या उजळणी-प्रशिक्षणासाठी, अडली होती. २१ दिवसांचं ओरिएंटेशन मी २०१९ साली पुण्यात रीतसर केलं होतं, चार वर्षांच्या मुलीला सासूबाईंकडे ठेवून. पण मराठीचा रिफ्रेशर निघतो क्वचित, तोही महाराष्ट्रात, आणि निघाला की नेमक्या आमच्या सेमिस्टरच्या परीक्षा असतात. ड्युटी लीव्ह मागितली की उत्तर ठरलेलं: "विभागात तुम्ही एकट्याच, वर्ग कोण घेणार?"

अशात गेल्या डिसेंबरात व्हॉट्सॲपवर पोस्टर आलं. महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली कुठल्याशा अकादमीचं नाव. दोन आठवडे, ऑनलाईन, संध्याकाळी ७ ते ८.३०, विषय मराठी भाषा आणि साहित्य. आणि माध्यम मराठी. सीमाभागात राहणाऱ्यालाच कळेल की त्या एका ओळीने मला काय झालं असेल. इथे आम्हाला परिपत्रक कन्नडमध्ये येतं, प्रशिक्षण कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत. आपल्या विषयाचं आपल्या भाषेत कुणीतरी शिकवणार म्हटल्यावर मी विरघळले. चोराला हे बरोबर माहीत होतं.

फोन केला. गोड आवाजाचे एक सर बोलले. मी विचारलं, "अर्ज प्राचार्यांमार्फत पाठवायचा ना?" ते म्हणाले, "छे हो मॅडम, आता ती कटकट नाही. प्राचार्यांची सही लागत नाही."

इथं. इथंच थांबायला हवं होतं. खरा रिफ्रेशर संस्थाप्रमुखाच्या शिफारशीशिवाय होत नाही, हे मला माहीत होतं. २०१९ ला त्या सहीसाठी मी तीन दिवस केबिनबाहेर उभी राहिले होते. खरा कोर्स दिवसभर चालतो, रोज हजेरी, सेमिनार, परीक्षा, ग्रेड. सगळं अंगावरून गेलेलं असताना ते वाक्य ऐकून मला शंका आली नाही, हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्यांदा देवाने सावध केलं तेही मी पाहिलं नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाईलवर नाव आलं ते विद्यापीठाचं नाही, अकादमीचंही नाही. एका माणसाचं नाव आणि पुढे "मोबाईल शॉपी". मी ते वाचलं. दोन सेकंद बोट पिनवर थांबलं, आणि मनात म्हटलं, खजिनदाराचं खातं असेल. विद्यापीठ मोबाईल शॉपीच्या खात्यावर फी घेत नाही. पैसे भरताना स्क्रीनवर येणारं नाव मोठ्याने वाचा, शेजारच्याला ऐकवा.

आणि ₹३,५४० म्हणजे ३,००० वर १८ टक्के जीएसटी. पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता. कर लावलाय म्हणजे पक्कं काम, असं मला उलट वाटलं.

वर्ग मात्र झाले. म्हणूनच तर मी फसले. रोज कुणीतरी येऊन बोलायचं. एक दोन जण चांगले होते, त्यांनाही बहुधा असंच फसवून आणलं असावं. पाचव्या दिवशी सांगितलं, रिफ्रेशरला शोधनिबंध लागतोच, तो "केअर यादीतल्या" नियतकालिकात छापून देतो, ₹५,९००. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची ती केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली होती, म्हणजे तेव्हा दहा महिने होऊन गेले होते. मला ते नीट माहीत नव्हतं. परिपत्रकं प्राचार्यांच्या मेलमध्ये पडून राहतात. पुढे प्रमाणपत्राची "पडताळणी" ₹१,७७०. शेवटी "कॅसची फाईल आम्ही तपासून वर कळवतो, आजीव सभासदत्वासह" ₹११,८००. कुठली खासगी संस्था तुमची फाईल वर कळवणार? पण ₹११,२१० आधीच भरलेले असले की माणूस ते वाचवायला आणखी भरतो.

प्रमाणपत्र आलं. जाड चकचकीत कागद, सोनेरी शिक्का. त्यावर छापलं होतं "प्रशीक्षण". शि दीर्घ. मुलांच्या उत्तरपत्रिकांत ही चूक मी वर्षानुवर्षं लाल पेनने गोल करते. इथे नजरेला टोचली आणि सोडून दिली.

छाननी समितीने ते पाच मिनिटांत बाजूला ठेवलं. विद्यापीठाकडे विचारणा केली तर उत्तर, आमचा काही संबंध नाही. कोर्स खरा असेल तर तो त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिसतो. आधीचे एचआरडीसी, म्हणजे प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी विद्यापीठांतली केंद्रं, आता मालवीय मिशन प्रशिक्षण केंद्रं आहेत, त्यांची नोंदणी आयोगाच्या पोर्टलवर होते. हे बघायला दहा मिनिटं लागतात. कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाईप करा.

मग सुरू झाली खरी फरफट. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावला तोवर शेवटचे पैसे भरून चोवीस दिवस झाले होते. पैसे त्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात, तेव्हा फोन पहिल्या तासात करा. बँकेत सांगितलं, "पिन तुम्हीच टाकला ना?" पोलीस ठाण्यात मी अर्ज मराठीत नेला. "मॅडम, कन्नडदल्ली बरेदु कोडी." मला कन्नड बोलता येतं, पण तक्रार लिहिण्याइतकं नाही. बाहेरच्या टायपिस्टला ₹१५० देऊन लिहून घेतलं, परत आले तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "क्लास झाले, सर्टिफिकेट मिळालं, मग फसवणूक कसली?" मी म्हटलं, सर्टिफिकेट खोटं आहे. तर म्हणे, खातं महाराष्ट्रात आहे, तिकडे तक्रार द्या. तिकडे फोन केला तर ते म्हणाले, तुम्ही कर्नाटकात राहता, तिथेच द्या.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आमच्या सीमाभागातल्या माणसाला दोन्हीकडून असंच परत पाठवतात. ₹३०,०९० साठीसुद्धा मधली रेघ आडवी यावी? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये सरळ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार घ्यायची. मी त्या कलमाची झेरॉक्स घेऊन गेले. ती माझ्या अर्जाला टाचून ठेवली, बस्स. पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला अर्धी रजा. एफआयआर अजून नाही, नुसती पोच आहे. तुम्ही जाल तेव्हा पोच शिक्क्यासकट घ्या, तोंडी "बघतो" वर उठू नका.

कॉलेजात त्याहून वाईट. "पीएच.डी. असून?" असं स्टाफरूममध्ये ऐकवलं गेलं. ज्यांनी मला तीन वर्षं रजा दिली नाही त्यांनीच. मी चुकले, पण दारं बंद करून ठेवणाऱ्यांनी विचारू नये की खिडकीतून का गेलीस. ज्या दोघींचे पैसे गेले त्या मात्र एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

परवा निपाणीहून एका सरांचा फोन आला. अनोळखी. कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला होता. "मॅडम, तुमचं ते रिफ्रेशरचं प्रमाणपत्र चाललं का? मी आत्ताच पैसे भरलेत." मी विचारलं, किती? "तीन हजार पाचशे चाळीस." कधी? "झाला असेल अर्धा तास."

म्हटलं, सर, माझ्याशी नंतर बोला, फोन ठेवा आणि आधी १९३० लावा.