हायस्कूलच्या संगीत खोलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तालयंत्र : दहा महिने वापरल्यावर

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात आमच्या संगीत खोलीत दोन डबे आले. एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा, म्हणजे गाण्यामागे सतत सूर धरून ठेवणारा डबा, आणि दुसरे तालयंत्र, म्हणजे ठेका धरणारा इलेक्ट्रॉनिक तबला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेले, दोन्ही मिळून साधारण तेरा हजारांचे. मी आठवी ते दहावीला संगीत शिकवते. गाव तालुक्याचे, मिरजेपासून एसटीने तासाभराचे. दुसऱ्या शाळांतले शिक्षक आणि पालक विचारतात, 'घ्यावे का?' दहा महिने रोज वापरल्यावर आता नीट सांगता येईल. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीच्या डब्याला लागू पडेल.

आधी आमच्याकडे फक्त पेटी, म्हणजे हार्मोनियम, होती. चाळीस मुलांना पेटीवर सा देऊन गायला लावले की मुले पेटीला चिकटतात. पट्टी दाबली की सूर मिळतो, सोडली की सुटतो. शिवाय पेटीचा शुद्ध गंधार (ग) तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. तोच कानात बसला की पुढे तानपुऱ्यावर गाताना भूप राग कोरडा लागतो आणि मुलांना त्याचे कारण कळत नाही. तानपुरा आल्यावर पहिले पंधरा दिवस मी फक्त सा लावून घेतला. पलटे (स्वरांचे सराव) नाहीत, बंदिश (रागातले बांधलेले गाणे) नाही. मुले कंटाळतील अशी भीती होती. कंटाळली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरची एक मुलगी स्वतःहून म्हणाली, "बाई, माझा सा खाली जातोय." तोवर ही गोष्ट नेहमी मलाच सांगावी लागायची.

हायस्कूलच्या वयाला या डब्याचा सगळ्यात मोठा उपयोग कुठे झाला असेल तर तो आवाज फुटणाऱ्या मुलांना. आठवीत काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) सुरेख गाणारा मुलगा दिवाळीनंतर तार सप्तकाकडे वळला की आवाज चिरकतो, वर्ग हसतो आणि तो गाणे सोडतो. दरवर्षी अशी तीन-चार मुले मी गमावत आले आहे. या वर्षी दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाची पट्टी, म्हणजे त्याचा सा कुठे बसतो ते, पुन्हा तपासली. बटण फिरवले की अर्ध्या सुराने खाली येता येते, त्यामुळे एक मुलगा चार महिन्यांत काळी चारवरून टप्प्याटप्प्याने काळी एकपर्यंत उतरला आणि गात राहिला. खऱ्या तानपुऱ्यावर इतका फरक करायचा तर तारा बदलून पुन्हा मिळवाव्या लागतात. चाळीस मिनिटांच्या तासात ते होत नाही. समूहगीतालाही याचा फायदा झाला. काळी एकचा पंचम (प) म्हणजेच काळी चारचा षड्ज (सा). मुलगे काळी एकमध्ये आणि मुली काळी चारमध्ये गाताना हे नाते त्यांना एकाच डब्यावर ऐकवता आले. फळ्यावर लिहून ते कधीच कळले नव्हते.

आता उणिवा. डब्याचा आतला स्पीकर लहान आहे, खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, त्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. तानपुऱ्याची खरी गंमत तर खर्जाच्या तारेत. ती नीट मिळाली की कोणी न छेडता तिच्यातून गंधार उमटतो, म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिले दोन महिने माझ्या मुलांना तो ऐकूच आला नाही. मग स्नेहसंमेलनाचा मोठा स्पीकर वायरीने जोडला, तेव्हा कुठे निम्म्या वर्गाला ऐकू आला. तुम्ही घेणार असाल तर बाहेरचा स्पीकर जोडायची सोय आहे ना, हे आधी बघा.

तरीही खरा तानपुरा मुलांनी एकदा तरी पाहावा असे मला वाटत होते. ऑगस्टमध्ये तीस जणांना एसटीने मिरजेला नेले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेले भोपळे माळ्यावर रचलेले, खाली कारागीर घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून जवारी (स्वराचा गुंजणारा खुलेपणा) काढत बसलेले. एका कारागिराने तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून दाखवला. एका जागी स्वर मुका, केसभर पुढे सरकला की खुलतो. मुले श्वास रोखून ऐकत होती. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या बातम्या मुलांनी वाचल्या होत्या, पण दोरा सरकताना ऐकल्यावर त्यांना त्या मानांकनाचा अर्थ कळला. परतताना ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथे आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणे चालते. नववीतल्या दोघी वडिलांना घेऊन या वर्षी त्या बैठकीला जाऊन आल्या.

तालयंत्राबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण माझी चूक तिथे झाली.

पहिले तीन महिने मी त्यावर फार खूश होते. तीनताल, झपताल, एकताल, केरवा, दादरा, हवा तो ठेका हव्या त्या लयीत, न थकता. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका या सुरुवातीच्या संगीत परीक्षांना बसणारी अकरा मुले होती. त्यांना हातावर ताल धरून बोल म्हणायला आणि दुगुन (दुप्पट लय) करायला याचा पुष्कळ उपयोग झाला. नोव्हेंबरमध्ये सगळी उत्तीर्ण झाली. (यातली काही मुले दहावीच्या वाढीव गुणांसाठी आली होती, हे मला ठाऊक आहे. त्यात मला काही गैर वाटत नाही. गुणांसाठी आलेली दोन मुले परीक्षा झाल्यावरही येत आहेत.)

पण त्याआधी सप्टेंबरमध्ये गणेशोत्सव झाला. शेजारच्या मंडळाने आमच्या मुलांना अर्धा तास दिला होता. नववीतली एक मुलगी, वर्गात सगळ्यात तयारीची, भूपमधला छोटा ख्याल (जलद लयीतली बंदिश) गाणार होती. साथीला गावातले भजनी मंडळाचे तबलजी, मोठे अनुभवी. त्यांनी ठेका आमच्या सवयीपेक्षा जरा चढा धरला. मुलीने मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलला, सम (तालाची पहिली मात्रा) चुकली. पुन्हा उचलला, पुन्हा चुकली. तबलजींनी ठेका सोपा केला, मान हलवून सम दाखवली, पण तिचे त्यांच्याकडे लक्षच नव्हते. ती समोर, शून्यात कुठेतरी बघत होती. तालाच्या चौथ्या आवर्तनाला (फेरीला) तिने गाणे थांबवले आणि आत जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून विचारले, "कुठे बघत होतीस ग?" म्हणाली, "बाई, आकडा दिसत नव्हता."

तालयंत्रावर मात्रा मोजणारा लाल आकडा असतो. एक ते सोळा आणि पुन्हा एक. माझी सगळी मुले तीन महिने त्या आकड्याकडे बघून समेवर येत होती. ठेका कानावर पडत होता, पण धा कुठला, खाली (टाळी नसलेली मात्रा) कुठे, सम जवळ आली हे बोलांवरून ओळखायची त्यांना गरजच पडली नव्हती. आणि साथीदाराकडे बघायचे असते, त्याने लय किंचित वाढवली की आपणही ती घ्यायची असते, हे मी शिकवलेच नव्हते. यंत्र कधी लय वाढवत नाही, चुकलेल्याला सावरूनही घेत नाही. त्या मुलीचे रडणे माझ्यामुळे होते, हे मी तिला आणि वर्गालाही सांगितले.

त्याच दिवशी आकड्यावर कागद चिकटवला, तो आजही आहे. आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेत परिपाठानंतर पंधरा मिनिटे मुख्याध्यापकांकडून मागून घेतली. त्या पंधरा मिनिटांत डबे बंद. आठवीतला एक मुलगा तबला शिकतो, दहावीतला एक वारकरी घरातला, पखवाज वाजवतो. साथ तेच करतात. समोर सगळी शाळा बसलेली. प्रत्येक शनिवारी दोन मुले, एक बंदिश किंवा एक अभंग, पाच-सहा मिनिटे. सुरुवातीला साथही डळमळायची आणि गाणेही. ऑक्टोबर अखेर मुले एकमेकांकडे बघून गाऊ लागली. साथ करणाऱ्या दोघांची तयारी तर गाणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. आजवर छत्तीस मुलांनी शाळेसमोर एकट्याने गायले आहे. पूर्वी हा मान स्नेहसंमेलनात चार-पाच जणांना मिळायचा आणि बाकीची मुले तीन वर्षे समूहगीताच्या मागच्या रांगेत उभी राहून शाळा सोडायची.

कला उत्सवाचेही सांगते. २०१५ पासून केंद्र सरकारचा हा उपक्रम आहे, नववी ते बारावीसाठी. शाळा, जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय पातळी. त्यात वाद्यवादनालाही वेगळी जागा आहे, हे अनेक शाळांच्या लक्षात येत नाही. फक्त 'गोड गळ्याची मुलगी' पाठवली जाते. आमचा पखवाज वाजवणारा मुलगा पुढच्या वर्षी अकरावीत जाईल. त्याच्या कॉलेजच्या सरांना मी आत्ताच भेटून आले आहे, म्हणजे त्याचे नाव राहून जायला नको.

दुरुस्तीचा अनुभव चांगला नाही. चाळीस हात लागल्यावर सूर बारीक मिळवायचे बटण डिसेंबरमध्ये सैल झाले, डबा आपोआप उतरू लागला. पाठवला, पाच आठवड्यांनी परत आला. बटणांना फक्त मी किंवा वर्गप्रमुख हात लावणार, हा नियम पहिल्या दिवसापासून करा. वीज जाते तेव्हा बॅटरीवर दोन तास चालतो, तेवढे आम्हाला पुरते. पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगल्या, डब्याला काही झाले नाही. घरच्या रियाजाला आईवडिलांच्या फोनवरचे फुकट तानपुऱ्याचे ॲप चालते. मी मुलांना तेच सांगते, घरासाठी डबा विकत घ्यायला लावत नाही. मात्र फोन विमान मोडवर टाका, नाहीतर आलापात घंटी वाजते.

पैसे एकाच डब्यापुरते असतील तर तानपुरा घ्या. पुढे तालयंत्रासाठी पैसे जमले तर ते गावातल्या एखाद्या तबलजीला महिन्यातून दोनदा बोलावण्यासाठी ठेवा. आमच्या गणेशोत्सवातले तबलजी आता दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येतात. मानधन घेत नाहीत, एसटीचे भाडे तेवढे आम्ही देतो. मार्चमध्ये ती नववीतली मुलगी पुन्हा भूप गायली, साथीला तेच. तिसऱ्या आवर्तनाला त्यांनी मुद्दाम लय वाढवली. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि बरोबर समेवर आली.