व्हीडीडीए पिनला फेराईट बीड की १० ओहमचा रेझिस्टर?

मायक्रोकंट्रोलरच्या अ‍ॅनालॉग सप्लायच्या (व्हीडीडीए पिनच्या) वाटेत फेराईट बीड, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट अडवणारा छोटा भाग, टाकायचा की साधा १० ओहमचा रेझिस्टर, यावर बोर्ड करणाऱ्यांत नेहमी वाद होतो. दोन्ही ०६०३ या छोट्या मापात मिळतात, एकाच पॅडवर बसतात, त्यामुळे निवड चुकली तरी बोर्ड वाया जात नाही.

मीही आधी बीडच लावायचो. रेफरन्स सर्किटांत तोच दिसतो, शिवाय व्होल्टेज खात नाही. दूध थंड करण्याच्या टाकीसाठी तापमानाचा बोर्ड केला होता. एलएम२५९६ या स्विचिंग रेग्युलेटरवरून ३.३ व्होल्ट, मग बीड, पुढे १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. पहिली खेप बिनतक्रार गेली. दुसऱ्या खेपेत आकडा एका जागी ठरेना, एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचे) पंधरा-वीस काउंट सतत वरखाली. सर्किट तेच, लेआउट तोच. बदलली होती फक्त बीडची पट्टी. "तोच आहे साहेब, सहाशेवाला," म्हणून दुकानदाराने दिलेली. पार्ट नंबर नाही, डेटाशीट तर दूरच.

ऑसिलोस्कोप लावला तर आधी प्रोबनेच फसवलं. तिची लांब ग्राउंड वायर अँटेनाचं काम करत होती. ती काढून टोकाशी छोटी स्प्रिंग लावली, तेव्हा निम्मे काटे नाहीसे झाले. उरली १५० किलोहर्ट्झची लाट, आणि ती बीडच्या अलीकडे होती त्याहून पलीकडे मोठी!

सहाशे ओहम हा आकडा १०० मेगाहर्ट्झचा असतो. १५० किलोहर्ट्झला असा बीड म्हणजे १ मायक्रोहेन्रीच्या आसपासची कॉइल, अडथळा जेमतेम एक ओहम. त्यापुढे १ मायक्रोफॅरड आला की रेझोनन्स १६० किलोहर्ट्झच्या जवळ पडतो, आणि एलएम२५९६ चं स्विचिंग १५० वर. झोपाळ्याला ऐन वेळी धक्का मिळावा तसं. पहिल्या पट्टीचा इंडक्टन्स वेगळा असावा, म्हणून तेव्हा वाचलो. सिरॅमिकची किंमतही डीसी व्होल्टेजखाली घटते, म्हणजे कागदावरचा हिशेब बोर्डवर उतरेलच असं नाही.

त्याच पॅडवर १० ओहम सोल्डर केला आणि आकडा बसला. तोच कपॅसिटर धरला तर १६ किलोहर्ट्झपासून उतार सुरू होतो, १५० ला लाट साधारण नऊ-दहा पटींनी कमी. पिन एक-दोन मिलीअँप घेते, म्हणजे १०-२० मिलिव्होल्टचं नुकसान. एनटीसीचा (तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या सेन्सरचा) डिव्हायडरही रेझिस्टरच्या पलीकडूनच घेतला, तर मोजमापात तेही जाणवत नाही; फक्त त्याचा करंट हिशेबात धरा.

बीडला मोडीत काढत नाही. वाय-फाय मॉड्यूल झटक्यात शेकडो मिलीअँप ओढतं, तिथे १० ओहम लावलात तर मॉड्यूल उठणारच नाही. पन्नास-शंभर मेगाहर्ट्झची घाण अडवायलाही बीडच बरा. मात्र सिरॅमिकला समांतर एखादा ४७ मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक द्या, त्याच्या अंगच्या रोधामुळे डोलणं दबतं. बीडसोबत सिरीजमध्ये एखादा ओहम लावणारेही आहेत. मला मात्र तिथे हसू येतं, शेवटी रेझिस्टर आलाच ना!

थोड्या करंटच्या अ‍ॅनालॉग पिनसाठी मी तरी हल्ली १० ओहमच लिहितो. व्हीडीडी (चिपचा मुख्य सप्लाय) आणि व्हीडीडीए यांच्यात किती फरक चालतो, तेवढं तुमच्या चिपच्या डेटाशीटमध्ये बघून घ्या.