पहिला गेमिंग पीसी, आरएक्स 9060 एक्सटी 16 जीबी: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले मोकळे. गेल्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा स्वतःचा पीसी जोडला, त्यात एएमडीच्या आरएक्स 9060 एक्सटीचं 16 जीबीवालं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारं) टाकलं, आणि आता उन्हाळा आला तरी ते बदलावंसं वाटलेलं नाही. तरीही ‘डोळे झाकून हेच घ्या’ असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या पोरांना एवढ्या कार्डाची गरज नाही आणि उरलेल्यांतल्या काहींना दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे एनव्हीडियाचं, कार्ड जास्त उपयोगी पडेल. ते का, हे सविस्तर लिहितोय.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीसाठी पॅटर्नची डिझाइनं करतो. दिवसभर कंपनीच्या मशीनवर कॅड, त्यामुळे घरच्या पीसीवर काम करायची हौस नाही. घरचा पीसी फक्त खेळायला.

कार्ड शोधायला सुरुवात केली ती राजारामपुरीतून. एका दुकानात तयार ‘गेमिंग पीसी’ मांडून ठेवलेला, रंगीबेरंगी पंखे फिरतायत. दुकानदार म्हणाला, “भावा, आय-सेव्हन हाय, सोळा जीबी रॅम हाय, वर चार जीबीचं ग्राफिक कार्ड. सगळं पळतंय बघ.” कार्ड कुठलं, असं विचारलं तर परत “चार जीबीचं.” खोका फिरवून बघितला तर जीटी 730. ही चिप 2014 ची, त्यात मेमरी डीडीआर 3. आय-सेव्हन प्रोसेसरसुद्धा चौथ्या पिढीचा, म्हणजे खूप जुना निघाला. चिपमध्येच जोर नसेल तर जीबी कितीही असोत, काय उपयोग? आपल्याकडे अजून ‘किती जीबीचं कार्ड?’ हा एकच प्रश्न विचारला जातो, आणि ही असली कार्डं त्याच प्रश्नावर खपतात. दुकानात कार्डाचं पूर्ण नाव विचारा. नाव सांगायला टाळाटाळ झाली की तिथून निघा.

माझ्या मते कार्ड निवडायची सुरुवात मॉनिटरपासून करावी. 24 इंची 1080p मॉनिटर असेल आणि खेळणं व्हॅलोरंट, सीएस 2, जीटीए 5 एवढंच असेल, तर आरएक्स 6600 सारखं जुनं कार्डसुद्धा पुरून उरतं. व्हॅलोरंटमध्ये तर कार्डापेक्षा प्रोसेसरचाच कस लागतो. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉलचं वेड आहे, त्यामुळे निम्मी पोरं ईए एफसीसाठीच पीसी घेतात. त्या गेमला मोठं कार्ड लागत नाही. वाचलेले पैसे चांगल्या कंट्रोलरवर घाला.

मी 27 इंची 1440p, 180 हर्ट्झचा (सेकंदाला 180 चित्रं दाखवणारा) मॉनिटर घ्यायचं आधीच ठरवलं होतं. 1080p ला पडद्यावर साधारण 20.7 लाख पिक्सेल असतात, 1440p ला जवळपास 36.9 लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमला (एका चित्राला) पावणेदोन पटीहून जास्त काम. तिथं स्वस्तातलं कार्ड धापा टाकतं. मॉनिटर ठरल्यावर यादी आपोआप आखूड झाली: एनव्हीडियाची आरटीएक्स 5060 (8 जीबी), आरटीएक्स 5060 टीआय (16 जीबी) आणि एएमडीचं आरएक्स 9060 एक्सटी (16 जीबी). तिन्ही 2025 च्या एप्रिल ते जून या काळात आलेली. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या किमती अनुक्रमे 299, 429 आणि 349 डॉलर. आपल्याकडे त्यावर 18 टक्के जीएसटी आणि मधल्या लोकांचा वाटा चढतो. 349 डॉलरचे तेव्हाच्या दरानं तीसेक हजार होतात, जीएसटी धरला की पस्तीसच्या पुढे जातात. मला कार्ड त्याहून थोडं महाग पडलं, पण फार नाही. 5060 टीआय 16 जीबीसाठी आणखी आठ-दहा हजार मोजावे लागत होते, ते मी एसएसडी आणि चांगल्या एसएमपीएसकडे (पीसीला वीज पुरवणारा डबा) वळवले.

कार्डावर 8 जीबी मेमरी पुरते की 16 हवी, या वादावर खूप लिहिलं गेलंय, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच सांगतो. एका मित्राकडे 8 जीबीचं कार्ड आहे, वेग माझ्या कार्डाच्या जवळपास. एका रविवारी ते माझ्याच पीसीत बसवून दोघांनी सायबरपंक 2077 लावला. 1440p, टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) हाय, रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश आणि प्रतिबिंबं) चालू, शहरातला तोच रस्ता. सुरुवातीला आकडे इतके सारखे की मित्र माझ्याकडे बघून हसायला लागला. मग गाडी घेऊन गर्दीच्या भागात फिरत राहिलो. थोड्या वेळानं वळणावर चित्र क्षणभर अडखळायला लागलं, आणि दुकानांच्या पाट्या आधी धुरकट दिसून मग स्पष्ट व्हायला लागल्या. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) फारसा पडला नव्हता, म्हणून नुसत्या तक्त्यात हे दिसत नाही. माझं कार्ड परत लावलं तर त्याच रस्त्यावर मेमरीचा आकडा 10 जीबीच्या वर होता आणि चाल सरळ. ओव्हरलेवर (गेमच्या वर आकडे दाखवणाऱ्या पट्टीवर) दिसणारा आकडा म्हणजे गेमनं अडवून ठेवलेली मेमरी असते, सगळीच वापरात असते असं नाही. त्यामुळे 11 दिसले म्हणून 12 लागतातच असं समजू नका. अडखळणं मात्र खरं असतं. टेक्स्चर मीडियमवर आणलं की 8 जीबीवालं कार्डही सुरळीत चालतं, हेही सांगितलं पाहिजे. पण तीस हजारांचं नवं कार्ड घेऊन पहिल्याच वर्षी मीडियमवर यायचं, हे मला पटत नाही.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पहिला पीसी जोडताना बरेच जण पैसे वाचवायला जुना बी450 मदरबोर्ड किंवा रायझन 5 5500 घेतात. या दोन्हींत पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि बाकीचा पीसी यांना जोडणारा रस्ता) जुन्या 3.0 पिढीचं मिळतं. 5060 आणि 5060 टीआय या कार्डांना 8 लेन आहेत, 9060 एक्सटीला 16. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की डेटा याच रस्त्यानं रॅममधून ये-जा करतो. रस्ता जुना आणि त्यात लेनही निम्म्या, म्हणजे 8 जीबीचं कार्ड तिथं दुहेरी अडकतं. माझ्याकडे बी550 बोर्ड आणि रायझन 5 5600 आहे, म्हणजे 4.0 मिळतं. तुमचा बोर्ड जुना असेल तर 16 लेनच्या कार्डाचा फायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त जाणवेल.

आकड्यांचं थोडक्यात: सायबरपंक 1440p ला अल्ट्रावर, रे ट्रेसिंग बंद ठेवून साठीच्या आसपास चालतो. ड्रायव्हरमधून एफएसआर 4 (लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं एएमडीचं तंत्र) चालू करून क्वालिटीवर ठेवला की ऐंशीच्या पुढे. फोर्झा होरायझन 5 शंभरच्या वर. एफएसआर 4 हे मला या कार्डाचं खरं बलस्थान वाटलं. आधीच्या एफएसआरमध्ये तारा, जाळ्या, गवत यांच्या कडा चमचमायच्या, ते आता शोधावं लागतं. मात्र प्रत्येक गेममध्ये ते मिळत नाही. डीएलएसएस (एनव्हीडियाचं तसंच तंत्र) असलेल्या गेमची यादी बरीच मोठी आहे, आणि तुमचे आवडते गेम कुठल्या यादीत आहेत ते विकत घेण्याआधी बघायलाच हवं. पूर्ण पाथ ट्रेसिंगची (रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार) हौस असेल तर हे कार्ड घेऊ नका. ब्लेंडरमध्ये (3डी चित्रांचं सॉफ्टवेअर) रेंडरिंग करणाऱ्यांनी किंवा घरी एआय मॉडेलं चालवणाऱ्यांनीही एनव्हीडियाच घ्यावं. तिथं कुडा आणि ऑप्टिक्स (अशा कामांना वेग देणारी एनव्हीडियाची सॉफ्टवेअरं) यांचा फरक पैशांपेक्षा मोठा आहे. आमच्या ऑफिसातला एक जण घरी अॅनिमेशनची कामं घेतो. त्याला मी स्वतः 5060 टीआय 16 जीबी घ्यायला सांगितलं.

आता विजेचं. कार्डाचा कमाल वापर 160 वॉट. प्लगमध्ये मीटर लावून बघितलं तर गेम चालू असताना मॉनिटरसकट सगळं मिळून पावणेतीनशे वॉटच्या आसपास जातं. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला पंचवीसेक युनिट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण घरगुती बिलात 100 आणि 300 युनिटला टप्पा बदलतो. तुमचं घर आधीच 290 ला असेल तर या पंचवीसपैकी पंधरा युनिटं वरच्या दरात जातात. आईनं हे बिल बघून बरोबर ओळखलं होतं.

म्हणून ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा घालून ठेवलीय. गोष्टीचा गेम असेल तर 90, नेमबाजीचा असेल तरच मोकळं. व्होल्टेज थोडं उतरवलं आणि पॉवर लिमिट दहा टक्क्यांनी कमी केली, तर फरक डोळ्यांना कळत नाही, पंख्याचा आवाज मात्र कमी होतो. व्होल्टेज किती उतरवायचं ते प्रत्येक नगावर वेगळं, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा तसाच टाकू नका. थोडं थोडं उतरवा, गेम बंद पडला की एक पायरी मागं या.

एसएमपीएस 650 वॉटचा, ब्रॉन्झ दर्जाचा (कार्यक्षमतेचा शिक्का) घेतला. या कार्डाला 550 चा चांगलाही पुरेल, आणि कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा कितीही वॉटचा असला तरी वापरू नका. पावसाळ्यात आमच्या भागात लाइट येते-जाते, झटके बसतात, त्यामुळे यूपीएस लागतोच. 600 व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात 360 वॉट, गेम चालू असताना लाइट गेली तर तो अगदी काठावर. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्याएवढा वेळ मिळतो, आणि तेवढाच हवा असतो.

पावसाळ्यात दुसरा त्रास ओलीचा. आमच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला जुलै-ऑगस्टमध्ये ओल धरते. कॅबिनेट आधी तिथंच टेकून ठेवायचा विचार होता, पण मागचा पंखा त्याच भिंतीकडे हवा सोडणार म्हणून ते वीतभर पुढं ओढलं आणि खाली पाट ठेवला. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट हवं, काचेचं नको. उन्हाळ्यात मार्च-एप्रिलला दुपारी खेळलं की कार्ड सत्तरीच्या आसपास पोचतं. हिवाळ्यात साठीच्या घरात असायचं. काळजी करण्यासारखं यात काही नाही. साधं काम करताना कार्डाचे पंखे थांबूनच असतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बिघडलं. धूळ ब्लोअरनं काढताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. नुसत्या हवेनं पंखा भन्नाट फिरला की बेअरिंगला मार बसतो. अशी सफाई मी दर दोन-तीन महिन्यांनी करतो, फिल्टरची जाळी मात्र त्याहून लवकर धुवावी लागते. आमच्या रस्त्याची कृपा.

जोडणी झाल्यावर ज्यांचे फोन येतात त्यांच्या तक्रारी बहुधा दोनच असतात. ‘एवढं महाग कार्ड घेऊन गेम रखडतोय’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, मॉनिटरची वायर कुठं लावलीस? ती मदरबोर्डाच्या एचडीएमआयला असते. ती काढून खाली, कार्डाला लावायची. दुसरी, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर 60 हर्ट्झवरच राहिलेला असतो. 165 हर्ट्झचा मॉनिटर घेऊन 60 वर खेळणारे मी बरेच बघितलेत, आणि त्यांना तो ‘एकदम स्मूथ’ वाटत असतो. कॅबिनेट घेण्याआधी कार्डाची लांबीही मोजा. तीन पंख्यांची कार्डं 30 सेंटिमीटरच्या आसपास जातात, स्वस्त कॅबिनेटमध्ये ती बसत नाहीत. या चिपला दोन पंखे पुरतात. तिसऱ्या पंख्याचे आणि दिव्यांचे पैसे वाचवा.

बजेट पंचवीसच्या आत असेल तर जुनं आरटीएक्स 3060 12 जीबी अजून बरं आहे. 2021 चं कार्ड, पण 12 जीबी मेमरी आणि 16 लेन. जुनं घेताना समोरच्याच्या पीसीवर निदान पंधरा मिनिटं जड गेम चालवून बघा, पंख्याचा घरघर आवाज ऐका, स्क्रूवर ओरखडे असतील तर कार्ड उघडलेलं आहे असं समजा. बिल नसेल तर किंमत निम्म्यावर आणा नाहीतर सोडून द्या.

एक मात्र नशिबाचं झालं. मी रॅम घेतल्यावर काही महिन्यांतच, 2025 च्या शेवटाला, मेमरीचे भाव भडकले. एआयच्या सर्व्हरना चिप्स जायला लागल्या आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला महाग माल राहिला. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच असते, तेव्हा आज पीसी जोडणाऱ्यानं माझ्या वेळचं गणित जसंच्या तसं धरू नये. आत्ता माझ्यावर वेळ आली असती तर मी रॅम 16 जीबीवर थांबवली असती, मॉनिटर 1080p चा घेतला असता, पण कार्डाच्या 16 जीबीला हात लावला नसता. रॅम आणि मॉनिटर पुढं बदलता येतात, कार्डावरची मेमरी वाढवता येत नाही.

आणि कार्ड घेताना बिलावर त्याचा सीरियल नंबर लिहून घ्या, खोका माळ्यावर टाका. वॉरंटी बहुतेक कार्डांना तीन वर्षांची असते, पण कार्ड पाठवायचं कुठं, ते दुकानदार स्वतः पाठवतो की आपण कुरिअर करायचं, हे पैसे देण्याआधीच विचारा.