पडद्यावर नाव दुसऱ्याचंच होतं : दिवाळीच्या खरेदीत माझे 61,249 रुपये गेले

सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात मी दिवाणजी आहे. सव्वीस वर्षं झाली. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी करायची, रोजकीर्द लिहायची, बँकेशी आकडे जुळवायचे, हेच माझं काम. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला कळतं तो पहिलं हेच विचारतो, "तुम्ही हिशोबातली माणसं, तुम्ही कसे फसला?" फसलो. आधी 12,999 आणि दोन दिवसांनी 48,250. आजही हा आकडा लिहिताना हात जड होतो.

यंदा लेकीचा पहिला दिवाळसण. ती आणि जावई दोघंही नोकरी करतात, रात्री नऊला घरी येऊन ती बादलीभर कपडे धुते. तिला वॉशिंग मशीन द्यायचं आम्ही दोघांनी श्रावणातच ठरवलं होतं. शंभर फुटी रस्त्यावरच्या दुकानात भाव काढला, 24,500. मालकांनी बोनस दिला 18,000. मोबाइलवर एक जाहिरात सारखी यायला लागली : नावाजलेल्या कंपनीचं तेच मशीन, गोदाम रिकामं करायचंय म्हणून 13,499, आणि आधी पैसे भरले तर 12,999. लोक म्हणतात एवढं स्वस्त बघून संशय यायला हवा होता. का यावा? गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही मिक्सर निम्म्या किमतीत मागवला होता, तो चौथ्या दिवशी दारात आला, अजून चालतोय. सणाच्या दिवसांत मोठी सूट असते हे खरंच आहे. चोराला तेच माहीत असतं, म्हणून तो दसरा ते दिवाळीच निवडतो.

वेबसाइटचा पत्ता दिसतो त्या पट्टीवर कुलपाचं चित्र होतं. कुलूप म्हणजे सुरक्षित, असं मी पेपरात वाचलं होतं. ते अर्धवट आहे. कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्यात आणि त्या वेबसाइटमध्ये जे जातं-येतं ते मधल्या कुणाला वाचता येत नाही. वेबसाइटच चोराची असेल तर कुलूपही चोराचंच. पत्ता अक्षर-अक्षर वाचा. माझ्या वेळी कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि 'ऑफर' हा शब्द होता, आणि शेवटी डॉट कॉमच्या जागी डॉट शॉप. हे मला आता दिसतं.

8 ऑक्टोबर, बुधवार, रात्री साडेनऊ. जेवणं झाली होती. माल आल्यावर पैसे द्यायची सोय बघितली, तर 'सणाच्या गर्दीमुळे तूर्त बंद' असं लिहिलेलं. तेव्हाच मोबाइल खाली ठेवायचा. मी ठेवला नाही. यूपीआयचं बटण दाबलं, ॲप उघडलं, आणि पडद्यावर नाव आलं. कंपनीचं नव्हे. दुकानाचंही नव्हे. एका माणसाचं नाव, वडिलांच्या नावासकट. खाली 12,999.

मी थांबलो. हे मला स्वच्छ आठवतं, आणि यानेच रात्री झोप लागत नाही. मी थांबलो होतो. बायकोने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "नाव वेगळंच येतंय." ती म्हणाली, "मग राहू द्या की आज. सकाळी कुणालातरी दाखवा." वेबसाइटवर घड्याळ उलटं चाललं होतं, चार मिनिटं उरलेली. मी तिला म्हटलं, "त्यांचा एजंट असेल, पैसे त्याच्यामार्फत जात असतील." तिला सांगता सांगता माझीच समजूत घातली आणि पिन टाकला.

दुकानात शेतकऱ्याच्या चेकवर 'बाळासाहेब' असेल आणि पासबुकात 'बाळासो' असेल, तर मी चेक सोडत नाही. मालकांनी सांगितलं तरी सोडत नाही. आधी पासबुकाची झेरॉक्स आणा म्हणतो. दुसऱ्याच्या दोन हजारांसाठी सव्वीस वर्षं हे पाळलं आणि स्वतःच्या घरात, लेकीच्या पैशांसाठी पाळलं नाही. पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव असतं. ते दाखवतात ते वाचण्यासाठीच. नाव जुळलं नाही तर मागे फिरा. एजंट, वितरक, भागीदार, कुठलंही कारण मनाशी जुळवत बसू नका.

दुसरा घाव शुक्रवारी. संध्याकाळी सव्वासातला कुरिअरचा म्हणून फोन. चांगलं मराठी, "काका, तुमचं मशीन पुण्याच्या गोदामात अडकलंय, पत्त्यात पिनकोड चुकलाय." त्याला माझं नाव, गल्ली, मशीनचं मॉडेल, भरलेली रक्कम, सगळं तोंडपाठ. म्हणून माझा विश्वास बसला. ही माहिती ज्याने पैसे घेतले त्याच्याकडेच असणार, हे तेव्हा सुचलं नाही. पत्ता दुरुस्तीचे पाच रुपये भरायचे म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवायची फाइल. ती टाकून घेताना तिने मेसेज वाचायची परवानगी मागितली, मी दिली. पाच रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरले. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. 7:42 ला 19,900, 7:44 ला 19,900, 7:51 ला 8,450. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. शपथेवर सांगतो, सांगितला नाही. त्या फाइलीने तो परस्पर वाचला. पाच रुपये मात्र कापले गेलेच नाहीत.

कुरिअरवाला कुठलीही फाइल टाकायला लावत नाही, एक रुपयाची असो की पाचची. फोनवर असं काही आलं की तोडा.

मदतीच्या नावाखाली जे मिळालं त्याचाही हिशोब मांडतो.

बँकेचा नंबर मी कार्डाच्या मागचा लावला, एवढं तरी बरं केलं. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'ला फोन करू नका, तिथे दुसरी टोळी बसलेली असते. मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा, मग गाणं. बावीस मिनिटं गाणं. कार्ड बंद झालं 8:31 ला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, बाकीचं शाखेत जाऊन सांगा." दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार. 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, त्याचं तिने अवाक्षर काढलं नाही. ते मला शनिवारी सकाळी पुतण्याकडून कळलं. लगेच लावला, तक्रार नोंदली गेली, पोचक्रमांक आला. पण तोवर चौदा तास गेले होते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतो. खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात. म्हणून शाखा, ठाणे, नातेवाईक सगळं नंतर. पैसे गेल्याचं दिसलं की त्याच मिनिटाला 1930, आणि लगोलग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. माझे अडवले गेले ते 6,310.

सोमवारी शाखा उघडायच्या आधी दारात उभा होतो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कार्डाचा नंबर तुम्हीच टाकलात ना? मग आम्ही काय करणार?" माझं पगाराचं खातं तिथे एकोणीस वर्षं आहे. मी म्हटलं, लेखी तक्रार घ्या आणि पोच द्या. "ई-मेल करा." ई-मेल केला तर उत्तर, शाखेत संपर्क साधावा. शिक्क्याचं स्टेटमेंट मागितलं तर 118 रुपये कापले. माझेच पैसे कसे गेले ते कागदावर बघायला 118 रुपये! तिसऱ्या खेपेला पोच मिळाली, तीही मी खुर्चीतून उठत नाही म्हटल्यावर.

पोलीस ठाण्यात आणखी वेगळं. हवालदार म्हणाले, "पोर्टलवर टाकलंय ना? मग इथे कशाला?" मी गुन्हा नोंदवा म्हटलं. "काका, अर्ज द्या, गुन्ह्याचं नंतर बघू." अर्ज दिला, तर हे आमच्याकडे येत नाही म्हणून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. तिथून परत पहिल्याकडे. दोन दिवस कामाचे बुडाले. एक तरुण अधिकारी सगळ्यांसमोर म्हणाला, "शिकलेले दिसता की, एवढं कळलं नाही?" बाकावर अजून तिघं होते, एका बाईंचे साडीचे 3,400 गेलेले. त्या काही न बोलता उठून निघून गेल्या. एका वाक्याने एक तक्रार संपली. अशा किती संपत असतील? चोराने माझं नाव विचारून, गोड बोलून पैसे घेतले. ज्यांचा पगार आमच्या करातून जातो त्यांना बसा म्हणायलाही जमलं नाही. दुसऱ्याचं रूप घेऊन मोबाइलवरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डी खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. हे मी वाचून त्यांना सांगितलं, तर म्हणाले वकील आहात का. अडवलेले 6,310 सुद्धा हवे असतील तर न्यायालयाचा आदेश आणा, असं उत्तर तेव्हा मिळालं.

तिथे बसून वाचायला वेळ भरपूर मिळाला, त्यातलं कामाचं सांगतो. रिझर्व्ह बँकेचा यावरचा ताजा नियम प्रत्येकाने मोबाइलमध्ये ठेवावा. माझे पैसे गेले तेव्हा 6 जुलै 2017 चं परिपत्रक लागू होतं, त्यात असं होतं : चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणीतरी घात केला, अशा व्यवहाराची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलं असेल तर खबर देईपर्यंतचं नुकसान त्याचं, नंतरचं बँकेचं. आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. 'तुम्हीच टाकलात ना' एवढ्या एका वाक्याने ते सिद्ध होत नाही, असं माझं म्हणणं आहे. म्हणून खबर दिल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. मेसेज पुसू नका, ती फाइल काढायच्या आधी पडद्याचे फोटो घ्या.

आणखी एक. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्या वेबसाइटने आपलं कायदेशीर नाव, कार्यालयाचा पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवलंच पाहिजे. मी मागवलं तिथे फक्त एक व्हॉट्सॲप नंबर होता. वेबसाइटच्या तळाशी जाऊन बघायला एक मिनिट लागतं. पैसे देऊन माल आला नाही, पण कंपनी खरी आहे, असं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

दिवाळसण झाला. शंभर फुटीवरच्या त्याच दुकानातून 24,500 चं मशीन हप्त्यावर घेतलं. लेकीला यातलं काही माहीत नाही, जावयांनाही नाही. बायको त्या रात्रीचा विषय काढत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

बँकेत लेखी तक्रार दिली 13 ऑक्टोबरला. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. ती मुदत 12 नोव्हेंबरला संपते. 12,999 मी माझ्या हाताने, नाव वाचून दिले, त्यावर भांडायला मला तोंड नाही. बाकीच्यावर भांडणार. अर्ज लिहून तयार आहे, पोच जोडली आहे, रक्कम अंकी आणि अक्षरी घातली आहे : 48,250, अठ्ठेचाळीस हजार दोनशे पन्नास रुपये फक्त.